सरकलेलं शून्य

१

काळू भोये शेततळ्यात मरून पडला होता आणि द्राक्षाची तोडणी चालू होती.

वजनमापे खात्याच्या निरीक्षक तृप्ती खैरनार जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांना आधी तोडणीच दिसली. बायका कात्र्या घेऊन मांडवाखाली वाकलेल्या, कॅरेट भरून बांधाकडे चाललेले. तळ्याच्या भरावावर निंबाच्या सावलीत निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबट झाकलेलं होतं, आणि त्याला वळसा घालून माणसं ये-जा करत होती. ताडपत्रीतून दोन पाय बाहेर आले होते. तळव्यांना चिखल नव्हता, ते धुऊन निघाले होते.

त्या आल्या होत्या काटा तपासायला. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने तक्रार केली होती, की निर्यातदाराचा माणूस किशोर भामरे काटा मारतो. न सांगता जाऊन पकडायचा, एवढाच बेत होता. मेलेला माणूस त्या बेतात नव्हता.

“दारू पिऊन पडला,” हवालदार दत्तू पगारे म्हणाले. ते कॅरेट पालथं घालून त्यावर बसून पंचनामा लिहीत होते. “काल दिवे लागायच्या वेळेला. सकाळी तरंगताना दिसला. भरावावर बाटली सापडली. मॅडम, तुम्ही आज कशाला तसदी घेतली? माणूस मेलाय इथं.”

“तोडणी थांबवली का मग?” तृप्तीबाईंनी विचारलं.

हवालदार मान खाली घालून लिहायला लागले. कंटेनर संध्याकाळी सुटायचा होता आणि बागेचा मालक रविराज बोरस्ते तोडणी थांबवायला तयार नव्हता. मेलेला माणूस आता थांबू शकतो, द्राक्ष थांबत नाहीत, असं तो कुणाला तरी फोनवर सांगतही होता. सांगताना त्याचा आवाज जरा कापत होता, पण सांगत होता.

ताडपत्रीच्या उशाशी एक बाई बसली होती. रडत नव्हती. तृप्तीबाई जवळून गेल्या तशी तिने त्यांच्या साडीचा काठ धरला. बहुतेक सरकारी जीप बघून तिला त्या कुणी मोठ्या वाटल्या असाव्यात.

“बाई, हे दारू लिव्हतेत,” ती म्हणाली. “त्यो पीत नाय. कावीळ झाली तवापासून थेंब नाय घेतला. आमी दुपारी सुरगाण्याला जाणार त्याला घेऊन. दारूत मेला म्हणून नका पाठवू. पोरांना काय सांगू मी?”

ही साळूबाई, तोडणीला सुरगाण्याहून आलेल्या काळूची बायको. तिची मागणी एवढीच होती. तृप्तीबाईंनी वीस वर्षांत फुकटचे चहा नाकारले होते आणि रडणाऱ्या दुकानदारांना दंड केला होता. दया हा त्यांचा प्रांत नव्हता, आणि हे त्या स्वतःच चारचौघांत सांगत. पण त्यांनी खाली बसून ताडपत्री बाजूला केली आणि प्रेताचे हात उलटे करून पाहिले.

दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. आडवी, बोटांच्या मुळाशी, दोरी सरकून जाते तशी.

तळ्यात दोरी नव्हती.

२

शेततळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे कळणार नाही. आत जाड काळा कागद अंथरलेला असतो, प्लास्टिकचा, आणि ओला झाला की साबणासारखा होतो. पोहता येणारा माणूसही त्यात मरतो, कारण पाण्याशी त्याचं भांडण नसतंच. भांडण काठाशी असतं. चार हात वर चढायचं आणि पाच हात खाली घसरायचं. कुत्री रात्रभर अशी चढत राहतात आणि सकाळी तरंगतात. म्हणून शहाणा बागायतदार कोपऱ्यातल्या लोखंडी खुंटीला गाठी मारलेली दोरी अडकवून आत सोडून ठेवतो.

रविराजच्या तळ्यालाही तशी दोरी होती, हे त्याने स्वतःच सांगितलं. फास असलेली, पिवळी नायलॉनची. परवा किशोरच्या हमालांनी ती काढून नेली आणि मालावर सावली धरायला जी हिरवी जाळी निंबाखाली ताणली होती, तिला बांधली. “मी म्हटलं होतं परत लावा,” रविराज म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “म्हणजे म्हणणार होतो.”

त्याची आणि काळूची परवाच बाचाबाची झाली होती. काळूची टोळी शेजारच्या बागेत जायच्या गोष्टी करत होती, ऐन तोडणीत. रविराजने त्याला सगळ्यांसमोर हाकलून देईन म्हणून दम भरला होता. काल दिवेलागणीला तू कुठे होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला की खालच्या प्लॉटमध्ये ब्लोअर घेऊन फवारत होतो, आख्ख्या शिवाराने आवाज ऐकला. ते खरं होतं. त्याच आवाजामुळे काळूची हाकही कुणाला ऐकू गेली नव्हती, हे मात्र तो बोलला नाही.

मजुरांचा मुकादम पुंजा गावित हाही सुरगाण्याकडचाच. तो तृप्तीबाईंच्या नजरेला नजर देत नव्हता. टोळी फोडतो म्हणून त्याचंही काळूशी वाजलं होतं. काल संध्याकाळी तो दिंडोरीला किराणा आणायला गेला होता, असं त्याचं म्हणणं. बरोबर कोण होतं? कुणी नाही.

“काळू माझा चुलतभाऊ लागायचा,” पुंजा म्हणाला. “लय हट्टी. पण दारूचं खोटं हाय, मॅडम. मी बोललो तर उद्या मला टोळी घेऊन कोण उभं करील?”

तिसरा किशोर भामरे. काटा त्याचा, हमाल त्याचे, माल घेणारा तो. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. तृप्तीबाईंच्या हातातली वजनांची पेटी बघितल्याबरोबर त्याने चहा मागवला. काळूचं ऐकून फार वाईट वाटलं, म्हणाला. गरीब लोक, कष्ट करतात, पितात, काय करणार. तो काल उन्हं उतरायच्या आतच गेला होता, शेवटची गाडी भरून.

“मॅडम, काटा नंतर बघा ना,” तो म्हणाला. “अशा वेळी बरं नाही दिसत.”

“तोलायला बरं दिसतंय, तपासायलाही दिसेल,” त्या म्हणाल्या आणि निंबाच्या फांदीखाली गेल्या.

३

काटा पन्नास किलोचा होता. गोल तबकडी, मधे सुई, पोटात स्प्रिंग. फांदीला साखळीने टांगलेला आणि खालच्या आकड्याला तारेचा पाळणा अडकवलेला. पाळण्यात भरलं कॅरेट किंवा लहान पेटी ठेवायची, सुई बघायची, पाळण्याचं आणि रिकाम्या कॅरेटचं मिळून ठरलेलं वजन वजा करायचं. या वजावटीला घट म्हणतात. हंगामभर पाळणा काढायचा नसतो, त्यामुळे सुई कधी शून्यावर येतच नाही, आणि रिकाम्या काट्याचं शून्य कसं दिसतं हे कुणाला ठाऊक नसतं. सगळे भरलेलं कॅरेटच बघतात.

तृप्तीबाईंनी पाळणा काढला. काट्याला आता काहीच लटकलेलं नव्हतं. सुई दोनावर उभी होती.

“घ्या,” हवालदार मागून म्हणाले. त्यांचा पंचनामा संपत आला होता. “स्क्रू फिरवलाय. रविराजशेठचं काम. काटा जास्त दाखवतो म्हणजे विकणाऱ्याचा फायदा. काळूने पाहिलं असेल, झालं भांडण. हाय काय आणि नाय काय.”

रविराजचा चेहरा पांढरा पडला. आजूबाजूचे हमाल काम सोडून जवळ आले आणि पुंजाने पहिल्यांदा मान वर केली. मालक अडकलेला बघायला मिळतोय म्हटल्यावर कुणाचं काम भराभर होतं?

तृप्तीबाईंनी काट्याच्या पाठीवरचं झाकण बोटाने पुसलं. शून्याच्या स्क्रूवर शिशाचं सील होतं. दिवाळीनंतर त्यांनीच दाबलेलं, त्यांच्या शिक्क्याचं. त्याला साधा ओरखडाही नव्हता.

“स्क्रूला कुणी हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या.

“मग सुई सरकली कशी?”

४

त्यांनी पेटीतून पितळी वजनं काढली. पाच किलो लावलं, सुई सातावर. दहा लावलं, बारावर. वीस लावलं, बावीसवर. हवालदार वैतागून म्हणाले, की दोन किलो फरक आहे हे तर आधीच कळलं, पुन्हा पुन्हा काय लावताय.

तृप्तीबाईंनी खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेनाने त्यावर रेघा मारायला सुरुवात केली. काटा म्हणजे एक सरळ रेघ असते, हे त्या नव्या शिपायांना पहिल्या दिवशी सांगत. जितकं वजन, तितकी सुई. दुप्पट वजन, दुप्पट सुई. स्प्रिंग इमानदार आहे तोवर हे नातं मोडत नाही. आणि सरळ रेघेला दोनच प्रश्न विचारायचे असतात. तू सुरू कुठून होतेस, आणि तुझा चढ किती. जगातले सगळे काटेचोर यापैकी एका ठिकाणी चोरी करतात. कुणी सुरुवात सरकवतो, म्हणजे लहान-मोठ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून सारखंच खातो. कुणी चढ बदलतो, म्हणजे जो जास्त घेतो त्याच्याकडून जास्त खातो. वीस वर्षांत त्यांना माणसंही या दोनच जातींची दिसू लागली होती. त्यांच्या नवऱ्याला हे आवडत नसे.

“एका वजनावरून सांगता येत नाही,” त्या हवालदारांना म्हणाल्या. “हा बघा ठिपका. यातून हव्या तितक्या रेघा जातात. म्हणून दोन-तीन ठिकाणी बघायचं. तीनही ठिकाणी फरक दोनच. म्हणजे ही जुनी रेघ आणि ही आजची. चढ तोच, दोघी समांतर. फक्त सुरुवात वर गेली.”

“बरं. मग?”

“वापरून वापरून स्प्रिंग सैल झाली असती तर पाचाला फरक थोडा आणि वीसला जास्त पडला असता. चढ बदलला असता. तसं नाही. ही स्प्रिंग चांगली आहे. हिला फक्त एकदाच तिच्या हद्दीबाहेर ओढलंय. हद्दीच्या आत कितीही ओढा, परत जागेवर येते. बाहेर नेलं की ती सरळ रेघ तिथंच संपते, आणि सोडल्यावर स्प्रिंग पूर्ण परत येत नाही. थोडी लांब राहते. तेवढंच शून्य सरकतं.”

हवालदारांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. पन्नास किलोच्या हद्दीबाहेर जायला काय टांगलं असेल, असं त्यांनी विचारलं. पाळण्यात तर एका वेळी एकच कॅरेट बसतं.

“पाळणा नव्हताच,” तृप्तीबाई म्हणाल्या. “पाळणा काढून दुसरं काहीतरी अडकवलं. जड. हिसके देणारं. ओलं.”

त्यांनी आकड्याकडे बोट दाखवलं. वाकात पिवळ्या नायलॉनचे दोन-तीन धागे अडकले होते. हवालदार न सांगता उठले आणि सावलीच्या जाळीकडे गेले. जाळीला बांधलेली दोरी त्यांनी चाचपली. तीन दिवस मार्चच्या उन्हात ताणलेली दोरी कोरडी ठणठणीत हवी. गाठींच्या आतलं शेवाळ ओलं होतं, बोटाला हिरवं लागलं.

ते परत आले तेव्हा त्यांनी पंचनाम्याचा कागद घडी करून खिशात घातला होता.

“म्हणजे त्याला कुणीतरी बाहेर काढत होतं,” ते म्हणाले.

“हो,” तृप्तीबाई म्हणाल्या. “बाहेर काढत होतं. मग काढायचं थांबलं.”

ताडपत्रीजवळ बसलेल्या साळूबाईने हे ऐकलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले.

५

आता कोण, एवढंच राहिलं होतं. तृप्तीबाईंनी साळूबाईला तळ्यापासून लांब, मांडवाखाली नेऊन बसवलं. काळू काल काय बोलला, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. बाईला आधी काही आठवेना. मग म्हणाली, की तो दोन दिवस गप्प होता. सकाळी लवकर गाडी यायची, तीत भरलेली कॅरेटं यायची, आणि ती या मालात मिसळली जायची. काळू म्हणाला, हे घड आपल्या बागेचे नाहीत, आपण देठ असा कापत नाही. शेजारच्या कुणाच्या तरी बागेचा माल फवारणीच्या औषधाच्या तपासणीत नापास झाला होता, तो रविराजच्या नावाच्या पेट्यांत चालला होता. परदेशात पकडला गेला असता तर रविराजची बाग कायमची काळ्या यादीत गेली असती.

“मालकाला सांगतो म्हणाला,” साळूबाई म्हणाली. “मी म्हनलं, तुला काय करायचं? आपण दोन महिन्यांचे. तर म्हणाला, मीठ खाल्लंय.”

ज्या मालकाने त्याला सगळ्यांसमोर हाकलायचा दम दिला होता, त्याच्यासाठी. तृप्तीबाईंना त्या क्षणी काळूचा रागच आला, आणि तो राग त्यांना पुढे बरेच दिवस पुरला.

गाडी कुणाची, हे साळूबाईला माहीत नव्हतं. ती रविराजची असू शकत नव्हती, स्वतःच्या बागेला कोण विष घालेल? उरले पुंजा आणि किशोर. पुंजा टोळी पुरवतो, गाड्या लावून देतो, चार पैशांसाठी भल्या पहाटे कुणाचाही माल उतरवून घेईल. आणि काल संध्याकाळी तो कुठे होता याला साक्षीदार नाही. हवालदारांनी तर त्याचा दंड धरलाच.

“मॅडम, हा गाडी उतरवत होता, हमाल सांगतायत.”

“उतरवली,” पुंजा म्हणाला. “किशोरशेठ म्हणाले त्यांचाच माल हाय. मला काय ठाव? मी मारलं नाय. आईची आण.”

“मी सांगितलं का याला?” किशोर शांतपणे म्हणाला. “चौकशी करा ना. मी कशाला नाही म्हणू? पण नावं घेणाऱ्याची आधी करा.”

हवालदार तृप्तीबाईंकडे बघू लागले. दोघांचा शब्द एकमेकांविरुद्ध. आणि किशोरच्या हमालांनी काटा उतरवून गाडीत टाकायला घेतला होता.

“काटा खाली ठेवा,” तृप्तीबाई म्हणाल्या. “मला माणूस अडवता येत नाही. काटा येतो. जप्त.”

मग त्यांनी पुंजाला एक साधा प्रश्न विचारला. आज सकाळी आल्यापासून काय काय झालं, क्रमाने सांग.

पुंजाने सांगितलं. उजाडताना सगळे आले. किशोरशेठ आधीच आलेले. त्यांनी वजन लिहिणाऱ्या पोरीला सांगितलं, आज घट वाढवून धर. मग पहिलं कॅरेट आलं, ते तोललं. मग कुणीतरी तळ्यावर हात धुवायला गेलं आणि बोंब झाली.

“घट आधी वाढवली, की कॅरेट आधी तोललं?”

“घट आधी. ती पोरगी कुरकुरली पण, न तोलताच कशी वाढवायची म्हणून.”

६

किशोरला त्यांनी पालथ्या कॅरेटवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. रविराज आणि पुंजा बाजूला होते. साळूबाईला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली आणि खाली बसली. किशोरच्या हातात चहाचा कागदी कप होता, तो त्याने अजून संपवला नव्हता.

“घट किती धरतोस?” तृप्तीबाईंनी विचारलं.

“तीन.”

“आज?”

तो हसून म्हणाला, “पाच. काटा जास्त दाखवतोय ना, मॅडम. तुम्हीच दाखवलं आत्ता.”

“मी आत्ता दाखवलं. तू उजाडताना वाढवलीस.”

अंदाज आला, तो म्हणाला. सकाळी कॅरेट उचलून पाहिलं, सुई पाहिली, रोजची सवय आहे, हाताला कळतं.

“कॅरेट तोलायच्या आधी वाढवलीस. बरं, तेही सोडू. लहान पेटीला काल घट किती होती?”

“दीड.”

“आज?”

किशोरने कप खाली ठेवला. वजन लिहिणाऱ्या पोरीने मागून सांगितलं, साडेतीन.

तृप्तीबाईंनी हवालदारांना पुठ्ठा पुन्हा दाखवला. समजा एखाद्याला भरलं कॅरेट तोलून कळलं, की काटा जास्त दाखवतो. तो काय करेल? मोठ्याला दोन वाढवेल, आणि लहान पेटीला त्या मानाने कमी. बाजारात बसलेला कुठलाही माणूस असंच करेल, कारण सगळ्यांचा हिशेब प्रमाणात चालतो. मोठ्याला मोठं, लहानाला लहान. लहान पेटीलाही पुरे दोन वाढवायचे असतील तर एकच गोष्ट ठाऊक हवी. काट्याचा चढ तोच आहे आणि फक्त शून्य सरकलंय, नेमकं दोनाने. आणि ते शून्य हंगामात कुणालाच दिसत नाही. पाळणा काढलेला काटा ज्याने पाहिला, त्यालाच दिसतं.

“पाळणा कुणी काढला होता, किशोर?”

त्याची नजर खाली ठेवलेल्या काट्याकडे गेली.

“अजून एक,” तृप्तीबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात तो सूर आला ज्याला नाशिक रोडपासून येवल्यापर्यंतचे व्यापारी घाबरत. “काटा जास्त दाखवतो, म्हणजे नुकसान तुझं. माल घेणारा तू. इतकी वर्षं तुमच्यासारखी माणसं बघतेय मी. काटा पाव किलोने विरुद्ध गेला तरी आकाशपाताळ एक करता. नवा काटा मागवता, मालकाची गचांडी धरता. तू दोन किलो गेले तरी आवाज केला नाहीस. रविराजला साधं विचारलंसुद्धा नाहीस. गप घट वाढवलीस. कारण काटा का बिघडला असं कुणी विचारू नये, हे तुला हवं होतं. आणि दोन किलो सोडवतही नव्हते. तेवढे सोडले असतेस, किशोर, तर मी तुझ्यापर्यंत पोचलेच नसते.”

रविराज पुढे आला तसा हवालदारांनी त्याला हाताने अडवलं. किशोर ताडपत्रीकडे बघत होता. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि सगळ्यात वाईट हे, की तो फार नीट सांगत होता, वजनाचा हिशेब सांगावा तसा.

शेवटची गाडी वाटेला लावून तो परत आला होता. काळू भरावावर त्याला गाठायला थांबला होता. उद्या मालकाला सांगणार, म्हणाला. किशोरने समजावलं, पैसे देतो म्हणाला, काळू हसला. मग बादली भरायला वाकला आणि पाय सटकून आत गेला. किशोरने ढकललं नव्हतं, हे त्याने दोनदा सांगितलं. उलट तो धावला होता. जाळीची दोरी ओढून काढली, हातानं धरून माणूस ओढवेना, खुंटी पलीकडच्या कोपऱ्यात, म्हणून पाळणा काढून फास काट्याच्या आकड्यात घातला. काळू चढायला लागला. सुई गरकन फिरून टोकाला लागली आणि फांदी वाकली. अर्ध्यापेक्षा जास्त आला होता.

“तेव्हा मला वाटलं,” किशोर म्हणाला, “हा वर आला की उद्या सांगणार.”

त्याने फास काढून दोरी पाण्यात जाऊ दिली, आणि पाणी शांत झाल्यावर लांब काठीच्या आकडीने ओढून परत जाळीला बांधली. पाळणा लावताना त्याला रिकामी सुई दोनावर दिसली. बाटली त्याच्या गाडीतलीच होती.

हवालदारांनी त्याला उठवलं. दारू आता कुणी लिहिणार नव्हतं. साळूबाईला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तृप्तीबाई तिच्याकडे बघून तसं सांगणारही होत्या. तेवढ्यात ती उठून किशोरसमोर उभी राहिली. तिने त्याला शिवी दिली नाही, हात उगारला नाही.

“माणूस लोंबत असताना फास निघत नाय,” ती म्हणाली. “आमी झोळी बांधतो झाडाला, मला ठाव हाय. भार असला की निघत नाय. मग कसा काढला?”

किशोरने मान खाली घातली. हवालदारांनी त्याला चल म्हटलं, पण तृप्तीबाईंनी हात वर करून थांबवलं. पुढे अनेकदा त्यांना वाटलं, की थांबवायला नको होतं.

“मी म्हणालो, जरा ढील दे, फास नीट बसवतो,” किशोर म्हणाला. “त्याने कागदाच्या शिवणीत पायाची बोटं रोवली आणि दोरी ढिली सोडली.”

“लगेच?” तृप्तीबाईंनी विचारलं.

“लगेच. म्हणाला, सावकाश घ्या, शेठ.”

साळूबाईने मान हलवली, जणू तिला हे माहीतच होतं. मग ती परत जाऊन ताडपत्रीजवळ बसली आणि काळूचे उघडे पाय झाकायला लागली. ताडपत्री आखूड होती. पाय झाकले की डोकं उघडं पडत होतं.